अप्पांची उतरवलेली पट्टी

प्रिय अप्पा,

आज दुपारी तुमच्या लेकीनं, गौरीनं एक प्रश्न विचारला आणि मी तिच्याशी खोटं बोललो. म्हणून हे पत्र. तुमच्याशी बोलल्याशिवाय उद्या मुखेडच्या देवळात गिटार हातात धरवणार नाही.

तुम्ही गेल्यानंतर उद्या ती पहिल्यांदा तुमच्या जागी गाणार आहे. सकाळपासून मी तुमच्या ओसरीत गिटारचा प्रोसेसर घेऊन बसलो होतो. तुम्ही ज्याला डबडं म्हणायचात, तोच. बारा गाणी, बारा आवाज. एकेक ठरवून साठवायचा आणि कार्यक्रमात पायानं खटका दाबून बदलायचा. हेडफोनवर गोड वाटलेला आवाज मोठ्या स्पीकरवर चिरका निघतो, म्हणून प्रत्येक गाणं पुन्हा वाजवून बघायचं. कंबर धरली. आता होत नाही, अप्पा.

तुम्ही किती छळलंत मला! मी यादीप्रमाणे क्रम लावायचो, आणि तुम्ही लोकांची तोंडं बघून तिसऱ्यावरून थेट नवव्या गाण्यावर जायचात. मी वाकून खटके शोधत असायचो. वर माइकवरून म्हणायचात, "थांबा मंडळी, आमचा माधव पायानं वाजवून राहिलाय." दसऱ्याला तर त्या डबड्याला अशी विभूती फासलीत, की चौथा खटका अजून अडकतो. मी चिडलो तर म्हणालात, "देवाचं हाय, अडकू दे."

गौरी शेजारी बसून बघत होती. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "काका, हरेक गाण्यात हे उणे दोन कायचं हाय?"

"काही नाही," मी म्हणालो. "गिटार भरदार वाटते त्यानं."

अप्पा, तो आकडा तुमचा आहे.

नायगावच्या कार्यक्रमात तुमचा वरचा स्वर फाटला होता. तुम्ही पाणी प्यालात आणि पुढं गात राहिलात. मला मात्र ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या गाण्यांची पट्टी अर्ध्या स्वरानं उतरवली. प्रोसेसरमध्ये शून्याचं उणे एक केलं की झालं. बोटं गिटारवर नेहमीच्याच जागी फिरतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. ढोलकीवाल्या नागनाथला खुणेनं सांगितलं, त्यानंही ढोलकी मुकाट्यानं तेवढी उतरवली. चार महिन्यांनी आणखी अर्धा स्वर, म्हणजे उणे दोन. तुम्ही खुशीत होतात. "महादेवाची किरपा, माध्या. गळा लई मोकळा झालाय." मी ते देवाच्या नावावर जाऊ दिलं आणि गप्प बसलो.

मग लातूरच्या डॉक्टरांनी विचारलं, आवाजात फरक कधीपासून पडला? तुम्ही छातीठोक सांगितलंत, "फरक न्हाई हो. परवापर्यंत जुन्याच पट्टीत गायलो. इचारा ह्याला."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी होय म्हणून मान हलवली.

घशातली गाठ वर्षभर तरी असावी, असं ते म्हणाले. आधी आला असतात तर काय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते मी रोज पूजेला बसलो की स्वतःशी बोलतो.

तुमचा गळा उतरतोय, हे सगळ्यांत आधी माझ्या कानांना कळलं होतं. आणि मी काय केलं? आकडा बदलला. तुम्हाला खरंच उमगलं नव्हतं का? की उमगून तुम्हीही माझ्यासाठी गप्प राहिलात? एकदा दटावून विचारायचं होतंत, अप्पा. तुम्ही विचारलं असतंत तर मला खोटं बोलता आलं नसतं.

अकरा गाणी गौरीच्या पट्टीला लावून झाली आहेत. बारावं तसंच ठेवलंय. उद्या मुखेडला निघण्याआधी ते तिच्यासमोर लावीन, आणि उणे दोन म्हणजे काय ते सांगेन. त्यानंतर ती मला काका म्हणेल की नाही, ठाऊक नाही. माझ्याबरोबर गायचं नाही म्हणाली, तर गिटार खाली ठेवीन.

पण तिनं मला ठेवून घेतलं तर एक शब्द देतो. तिचा स्वर कधी हलला, तर मी त्या डबड्याला हात लावणार नाही. गाणं थांबवीन आणि तिच्या तोंडावर सांगेन.

तुमचा,
माधव