ह्यांच्या तोंडावरचा उजेड

१२ जानेवारी, सोमवार

— आणि फटकन अंधार! हे काहीतरी सांगत होते, "...आज स्टँडवर एक बाई..." इथवर आले आणि वीज गेली. त्या बाईचं पुढे काय झालं देव जाणे.

कान गेल्यापासून माझं ऐकणं डोळ्यांत येऊन बसलंय. ओठ दिसले तर शब्द, नाही दिसले तर काही नाही. बाकीची माणसं अंधारात खुशाल गप्पा मारतात. मी आपली हात मांडीवर घेऊन बसते.

आणि सात ते नऊ हीच तेवढी आम्हा दोघांची वेळ. हे बसस्टँडवर गाड्या पुकारतात. पहाटेची पाळी, म्हणून नऊला जेवून आडवे. वीजकपात करणाऱ्यांनी बरोब्बर तेवढेच दोन तास हेरलेत! चिडून मी टॉर्च सरळ ह्यांच्या तोंडावर मारला. "...आंधळा करतेस का?" एवढं मात्र स्पष्ट कळलं.

१३ जानेवारी

खोट टॉर्चमध्ये आहे, ह्यांच्यात नाही. मधोमध पांढरा भगभगीत ठिपका, भोवती काळोख. ठिपका तोंडावर पडला की ह्यांचे डोळे मिटतात, ओठ आवळले जातात. वरून धरला तर मिशीची सावली ओठांवर. खालून धरला तर हे भुतासारखे दिसतात, आणि मला हसू येतं, आणि मग हे रागावतात.

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवण्यात माझा जन्म चाललाय. गावाची नजर मी नीट करायची आणि घरच्या टॉर्चपुढे हात टेकायचे? उद्या त्याची काच काढून दुकानात नेते.

१४ जानेवारी

मालकांना सांगितलं. काच गुळगुळीत असली की उजेड एका जागी जाऊन पडतो. खरखरीत केली की पसरतो. मालक हसले, जाड-बारीक पॉलिश पेपर माझ्याकडे सरकवले आणि चिठ्ठीवर लिहिलं, "दुकानाच्या खर्चात."

ह्या माणसाचे उपकार मी कधी फेडणार? कान गेले तेव्हा वाटलं, आता घरी बसा म्हणतील. त्यांनी चिठ्ठी दिली होती — "काच घासायला कान कशाला लागतात?" ती चिठ्ठी अजून पाकिटात आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

घासली! पाणी लावून, गोल गोल, आधी जाड पेपर, मग बारीक. काच दुधासारखी झाली. संध्याकाळी टॉर्च लावला तर ह्यांचं सगळं तोंड उजेडात, कपाळापासून गळ्यापर्यंत. डोळे उघडे. मिशीची सावली नाही. मी अगदी सरसावून बसले.

आणि हे गप्प.

"भाजी चांगली झाली" म्हणाले. मग ताटात बघत बसले. नऊ वाजेपर्यंत!

१७ जानेवारी

आजही "हं" आणि "नाही". एवढं वाचायला टॉर्च कशाला हवा?

१८ जानेवारी

इथे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. मला भीती वाटते. अंधार हे निमित्त होतं की काय? माझ्याशी न बोलण्याची ह्यांना सवय लागली असेल तर? घसा न ताणता, तेच तेच तीनदा न सांगता दिवस निघतो — कुणाला आवडणार नाही! लग्न ठरलं तेव्हा मला ह्यांचा आवाज आवडला होता. तो गेला. आता बोलणंही गेलं तर माझ्याकडे ह्यांचं राहिलं काय? जेवणाची दोन ताटं.

१९ जानेवारी, सोमवार

भांडले. चांगलीच भांडले. माझा आवाज किती चढतो ते मला कळत नाही, खालच्या शिंपीणबाईंना कळलं असणार. म्हटलं, "नसेल बोलायचं तर तसं सांगा, मी काच घासून हात दुखवून घेणार नाही."

ह्यांनी टॉर्च माझ्या हातून घेतला आणि स्वतःच्या तोंडावर धरला.

"आता मला तू दिसतेस," म्हणाले.

मला कळेना. दिसते तर दिसते! मग हळूहळू, एकेक शब्द सुटा करत सांगितलं. माइकच्या खोलीत ह्यांना कुणी बघत नाही. आयुष्यभर न बघणाऱ्या माणसांशी बोलण्याची सवय. "...आणि तू अशी बघतेस, जणू मी परीक्षेचा निकाल सांगतोय. तुला नाही कळलं की तुझं तोंड... मला ते बघवत नाही. म्हणून मी सोपं तेवढंच बोलतो." आधीच्या टॉर्चने निदान मी दिसत नव्हते, म्हणे!

मी हसले की रडले, दोन्ही झालं. अहो, एवढंच होतं? एवढंच! आणि मी काल काय काय लिहून बसले.

२० जानेवारी

म्हणजे आता असा उजेड हवा, की ह्यांचे डोळे मिटणार नाहीत, पण पलीकडची मी दिसणार नाही. पॉलिशची पेस्ट घेतली, मऊ कापड घेतलं, आणि घासलेली काच पुन्हा उजळायला घेतली — पूर्ण नाही, अर्धवट, मधे जरा जास्त.

तपासायची कशी? मालक स्वतः मागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन उभे राहिले. मी टॉर्च धरला. ते चष्म्याचा कुठलासा नंबर बोलले. "उजवा उणे दोन, डावा उणे दीड," मी म्हटलं. ते खूश! पण बोट दाखवून हसले — मी त्यांना दिसत होते. पुन्हा पेस्ट. पुन्हा मालक अंधारात. बाहेर गिऱ्हाईक ताटकळतंय आणि आमचं हे चाललेलं! शेवटी त्यांनी हात पुढे करून चाचपडत विचारलं, "...आहात का तिथे?" म्हटलं, झालं काम.

२१ जानेवारी, बुधवार

बोलले! सात ते नऊ, अखंड. मला हात दुखून टॉर्च डब्यावर टेकवावा लागला.

मागच्या आठवड्यातल्या त्या स्टँडवरच्या बाईचं पुढचं सांगितलं. ती चुकीच्या गाडीत बसली होती आणि उतरायला तयार नव्हती, म्हणे आता बसलेच आहे तर तिकडेही जाऊन येते. मग, माइक चालू राहिला आणि हे डब्यातल्या पोळ्या कडक झाल्याचं बोलले ते सगळ्या स्टँडने ऐकलं. म्हणजे माझी अब्रू गावभर! काही शब्द निसटले. निसटू दिले. चेहरा वाकडा झाला असेल माझा, पण बघतंय कोण?

२४ जानेवारी

हे मिशी काढून आले!! लग्नाआधीपासूनची मिशी. मी सांगितलं नव्हतं. "...गरम होत होतं," म्हणे. जानेवारीत.

वरचा ओठ अगदीच गोरा आहे. मी संध्याकाळपासून त्याकडेच बघतेय.

१ फेब्रुवारी, रविवार

लेकीला मेसेज केला की वीज रोज सातला जाते. ती हळहळली, बॅटरीवरचा दिवा पाठवते म्हणाली. नको बाई, म्हटलं. ज्यांच्या कोणाच्या हातात ती कपात आहे त्यांचं भलं होवो.

८ फेब्रुवारी

आज ह्यांनी विचारलं, कधीचं विचारायचं होतं म्हणे. कान गेले त्या आजारपणात मी निपचित पडले होते तेव्हा हे खाटेशी बसून सारखे बोलत होते. "तू शेवटचं काय ऐकलंस? माझं काही ऐकलंस का?"

खोटं बोलता आलं असतं. खरं तेच सांगितलं — नर्सच्या ट्रॉलीचं चाक. कुईकुई.

हे हसायला लागले, इतके की खांदे हलत होते. मग म्हणाले, "तर मग तेव्हा बोललो ते पुन्हा सांगतो." आणि सगळं सांगितलं. ते इथे लिहीत नाही. ते माझं आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शिंपीणबाई जिन्यात भेटल्या. एवढी लग्नसराईची कामं, संध्याकाळी विजेविना कशी उरकता, मी विचारलं. त्या माझ्याशी नेहमी तोंड मोठ्ठं उघडून बोलतात. "कपात? ती गेल्या महिन्यातच बंद झाली की!"

आमच्या खिडकीसमोर गोदामाची भिंत. मला कुणाचा दिवा दिसत नाही. मेन स्विच दाराबाहेर आहे, आणि सात वाजता कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला रोज हेच जातात.

१८ फेब्रुवारी

आज बादली मी ठेवली. मेन स्विच मीच पाडला.