यानिकचा तिसरा गोल

शनिवार, ९ मार्च
संकल्प: प्ले-ऑफच्या मॅचना तोंड उघडायचं नाही. यानिक म्हणतो, आई, तुझा आवाज रिंकच्या पलीकडच्या टोकापर्यंत येतो. अतिशयोक्ती. तीस वर्षं शाळेत शिकवलं. आवाज स्पष्ट आहे, मोठा नाही.
त्याची सोळा वर्षं बर्फावरच्या हॉकीत, सात गावं, पाच दात गेले. मोठ्या लीगमध्ये नऊ दिवस. आता पस्तिशीत घरच्या संघात, आणि करार या मोसमात संपतोय. मॅनेजर म्हणाला, प्ले-ऑफमध्ये काय करतोस ते बघून ठरवू. करार होणारच.

मंगळवार, १२ मार्च
हरलो. मी एकदाच बोलले. पंचांना चष्मा सुचवला. सुचवणं म्हणजे ओरडणं नव्हे. शेजारची जिसलेन म्हणते, तिच्या कानात अजून घुमतंय. तिचे कान पहिल्यापासून नाजूक.

शुक्रवार, १५ मार्च, सकाळी
आज हरलो तर मोसम संपला. गोल मी स्वतः मोजणार. लाल लोकरीची टोपी घालणार. एकाच खेळाडूचे तीन गोल झाले की लोक बर्फावर टोप्या फेकतात. यानिकसाठी फेकल्या त्याला अकरा वर्षं झाली. आपण तयारीत असावं.

शनिवार, १६ मार्च
काल लिहिलं नाही. रागाने.
पहिल्याच भागात यानिकचे दोन गोल. मध्यंतरात लाउडस्पीकरवर काहीतरी चाललं होतं, पण मी मॅनेजरला गाठून करार आजच करून टाका असं सौम्यपणे सांगत होते. शेवटच्या भागात यानिकने आणखी एक मारला. ३-३. मी टोपी फेकली. छान फेकली. पाहते तर बर्फावर तेवढी एकच. इतके कृतघ्न लोक. म्हणून जिसलेनची टोपी तिच्या डोक्यावरून काढून तीही फेकली. लाउडस्पीकरवाला 'फेकू नका' म्हणाला तेव्हा ती हवेत होती. यात माझा काय दोष?
पंचाने आमच्या संघाला दोन मिनिटांची शिक्षा दिली. एक खेळाडू कमी. तेवढ्यात त्यांनी गोल केला. ४-३. मोसम संपला.
नंतर दोन्ही संघ रांगेने हस्तांदोलन करत असताना घोषणा झाली: मादाम फर्नांद पारां यांनी आपली टोपी ऑफिसातून घेऊन जावी. कपड्यांवर नाव शिवायची सवय कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी लावली. अठराशे माणसं हसली. यानिकने वर पाहिलं नाही.
परतताना जिसलेन म्हणाली, "अगं, दुसरा गोल यानिकचा नव्हता. चकती शेवटी आपल्याच संघातल्या त्या बोद्वांच्या स्टिकला लागून गेली, म्हणून गोल त्याच्या नावावर. मध्यंतरात सांगितलं की. सगळ्या गावाला माहीत होतं, एक तू सोडून."
कुणीतरी म्हणे स्वतःहून जाऊन पंचांना हे सांगितलं. उघड चोरी.

रविवार, १७ मार्च
चर्चला गेले नाही. गुडघा. तसा दुखत नव्हता. लीगला चार पानी तक्रारीचं पत्र लिहिलं.

सोमवार, १८ मार्च
पत्र रजिस्टर्ड टाकलं. मन हलकं झालं. आता करार होईल.

मंगळवार, १९ मार्च
यानिक जेवायला आला. त्याच्या आवडीचा, मैद्याच्या पारीत मांस भरून भाजलेला पाई केला होता. अर्धाच तुकडा खाल्ला. करार होणार नाही म्हणाला. टोपीचं मी काही बोलायच्या आत म्हणाला, टोपीमुळे नाही गं. मॅनेजरला माझे तीन गोल हवे होते.
मी म्हटलं, तो तिसरा ज्याने खाल्ला तो मला सापडू दे फक्त.
तो ताटाकडे बघत म्हणाला, "आई, पंचांना मीच सांगितलं. माझा नव्हता तो गोल. तूच शिकवलंयस ना असं."
मी पाई गरम करायला उठले. गरमच होता.

बुधवार, २० मार्च
पोस्ट उघडायच्या आधीपासून दारात उभी होते. टाकलेलं पत्र परत मिळत नाही. ते सोमवारीच गेलं.
तिसऱ्या पानावर लिहिलंय की, ज्या इसमाने पंचांकडे जाऊन हे सांगितलं, त्याच्यावर त्याच्या आईने कसलेही संस्कार केलेले दिसत नाहीत.
खाली माझी सही आहे. पूर्ण नावानिशी.