फायलीतलं कात्रण आणि गोष्टीचा तास

ता. ८ जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दुसरीच्या पोरांना गोष्ट सांगतेस, ती मध्येच थांबवतेस आणि पिल्लाला आत्ता काय वाटत असेल असं विचारतेस, हे वाचून हसून हसून पुरेवाट झाली. आमचे मास्तर कुणाला काय वाटतंय ते विचारत नसत. त्यांना काय वाटतंय ते छडीनं कळवत. पेपरातल्या माझ्या रविवारच्या विनोदी सदरात मी यावर लिहिलंय, ‘हुंदक्यांचा तास’. शाळेचं नाव गाळलंय. तुझी वहिनी म्हणाली, सख्ख्या बहिणीला तरी सोडा. मी म्हटलं, घरचं गिऱ्हाईक आधी.

लोभ असू दे, रागावलीस तरी.
तुझा दादा

ता. १९ जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

सदर वाचलं. आमच्या तपासनीस साहेबांनीही वाचलं. नाव गाळलंस, पण असा तास घेणारी वेडी इथं मी एकटीच. त्याचं कात्रण त्यांनी माझ्या फायलीत पहिल्याच पानावर लावलंय. शुक्रवारी साहेब वर्गात येऊन बसणार. पटलं नाही तर गोष्टी बंद, त्या जागी पाढे.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. आई गेल्यावर चार महिने ती शाळेत एक शब्द बोलली नव्हती. घर हरवलेल्या पिल्लाच्या गोष्टीत मी थांबले, तेव्हा तिनं हात वर केला. म्हणाली, त्याला भूक नाहीये, पण कुणी जेव म्हटलं तर बरं वाटेल. दुसऱ्या दिवसापासून पोरं मधल्या सुट्टीत तिच्याभोवती डबे उघडून बसायला लागली. मी त्यांना सांगितलं नव्हतं. आता ती एका जागी ठरत नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो.

हा तुझा हुंदका. साहेबांना माफीबिफीचं पत्र पाठवू नकोस. माझी बाजू मांडायला मला तोंड आहे. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, सध्या जरा कमी.

धाकटी

ता. २२ जुलै

चि. धाकटीस आशीर्वाद.

माफीचं पत्र लिहून तयार होतं. तुझी वहिनी म्हणाली, नको म्हटलेलं एकदा तरी ऐका. फाडलं. शुक्रवारचं लगेच कळव. इथं कशात लक्ष लागत नाही.

दादा

ता. २६ जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

साहेब मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून. मी तुझीच गोष्ट सांगितली. एक माणूस सगळ्यांची टिंगल करायचा. एकदा बहिणीची केली. लोक खूप हसले, आणि बहिणीचं काम बंद पडायची वेळ आली. इथं थांबले. त्या माणसाला आता काय वाटत असेल?

एक म्हणाला, मज्जा. दुसऱ्यानं तुला शंभर उठाबशा सांगितल्या. भिंगरी म्हणाली, त्याला सॉरी म्हणायचंय, पण लोक हसायचे थांबले तर आपल्याला कोण विचारणार, अशी भीती वाटतेय.

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनीच तिला विचारलं, मग त्यानं काय करावं? ती म्हणाली, आमच्यात येऊन बसावं. आम्ही नाही हसणार.

दादा, तास राहिला! शेजारच्या दोन शाळांतही सुरू करायचाय, आणि तिथल्या बाईंना शिकवायचं मी. कात्रण फायलीतच आहे. साहेबांनी त्याखाली भिंगरीचं उत्तर लिहून सही केलीय.

लोभ पूर्ववत.
धाकटी

ता. ३० जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तुझ्या वहिनीनं वाचून दाखवलं. माझा चष्मा धुरकट झाला होता, असं तिला सांगितलंय. वीस वर्षं लिहितोय. शिव्या पुष्कळांनी दिल्या, पण इतकं नेमकं कुणी पकडलं नाही, आणि पकडून वर बसायला जागा तर कुणीच दिली नाही.

या रविवारच्या सदरात लिहिलंय, की ती शिक्षिका माझी बहीण आहे आणि मी चुकलो. संपादकांनी विचारलं, यात विनोद कुठे आहे? म्हटलं, या आठवड्यात सुट्टीवर आहे. मग कार्यालयात चहावाल्यापासून सगळ्यांना धरून धरून तुझं पत्र ऐकवलं. आता मी दिसलो की लोक जिना बदलतात.

सोमवारी येतोय, तासाला. भिंगरीला विचारून ठेव, तिच्या शेजारी जागा आहे का.

तुझा दादा