फोटोसाठी ओवलेला दोरा

धाकटे,

तू आंघोळ करतेयस तोवर लिहून निघते. समोरासमोर बोलले असते तर तू रडली असतीस, आणि सुजलेले डोळे आज चालायचे नाहीत.

निळ्या जॅकेटला इस्त्री करून ते दारामागे टांगलंय. उजव्या काखेत अजून टाचण्या आहेत, तेव्हा हात फार वर करू नकोस. चिंध्यांचं गाठोडं पलंगाखाली सारलंय. मशीनपाशी असलेला माझा चष्मा आणि पाठीची उशीही उचलली. नाहीतर कुणाची म्हणून तो फोटो काढायला येणारा विचारायचा.

मशीनमध्ये दोरा ओवून ठेवलाय. निसटला तर तसाच राहू दे, ओवायला जाऊ नकोस. तुला ते जमत नाही हे लगेच कळेल. टेप गळ्यात घाल. कात्री मोठी घे, काल आरशासमोर तू कागद कापायची धरून उभी होतीस.

तुझ्या ब्रँडच्या पानावर फोटोखाली काय छापणार तेही वाचलं. ‘सगळं एकटीनं उभं केलं.’ छान लिहिलंयस.

आत्ता तुझा फोन वाजला, मी उचलला. फोटोग्राफर होता. शिवताना हातांचे जवळून फोटो हवेत, म्हणून तुमच्याकडच्या शिवणाऱ्या बाईंना थांबवून ठेवा म्हणाला. त्यांचे हात घ्या, असं तुमच्या मॅडमनीच सुचवलंय म्हणे.

मी त्याला सांगितलं, त्या बाईंनी आज सकाळीच काम सोडलं.

ताई