भरून परत येणारा डबा

सातारा,
९ नोव्हेंबर १९७३

प्रिय सुमतीअक्कास,
करुणाचा सप्रेम सलाम. वि. वि. प्रभुकृपेने आम्ही सुखरूप आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? सांगलीच्या थंडीसाठी तुला मोजे विणतेय. एक मोठा, एक लहान झालाय, हसू नकोस.

आमच्या चर्चच्या महिला मंडळानं एकट्या बायांची घरं आपसांत वाटून घेतली, हे मागे लिहिलंच होतं. माझ्या वाट्याला अंजना आली. नवरा पलटणीत; तिकडेच दुसरा संसार थाटून बसलाय. ही दोन मुलींना घेऊन माहुलीच्या वाटेवर एका खोलीत राहते, रोजानं शेतात जाते. दर रविवारी उपासनेनंतर मी वरणभाताचा डबा नेते, मुलींना वाचायला शिकवते. बाई मोठ्या मनाची. डबा कधी रिकामा परत येत नाही. ओंजळभर शेंगा, हुलगे, एकदा तर गुळाचा खडा.

पण गेले काही रविवार दाराला आतून कडी. धाकट्या बनूचा खोकला बाहेर ऐकू येतो, तरी दार उघडत नाही. मंडळातल्या बाया म्हणतात, तिला आपल्या धर्माची भीती वाटली असेल, ते घर सोड. मी तर त्याबद्दल शब्दही काढला नव्हता गं. बनू फार वाळलीय. काय करू, सांग.

तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी धाकटी,
करुणा

सांगली,
१५ नोव्हेंबर १९७३

चि. करुणास,
अक्काचा सलाम व अनेक आशीर्वाद. मोजे पाठव, माझा एक पाय सुजलेलाच असतो.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. ती कडी धर्मामुळे नाही, तुझ्या डब्यामुळे लागलीय. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हे तूही पाळतेस. फरक एवढाच, की तुझ्या फडताळात घालायला काहीतरी असतं. तिच्याकडे शेंगा कुठून येतात? काढणीनंतर रानात राहिलेल्या वेचून आणत असणार, पोरींसाठी. आता रानंही नांगरली. डबा रिकामा हातात द्यायचा, त्यापेक्षा कडी बरी.

दादा वारले, आई आपल्या दोघींना घेऊन एकटी पडली, तेव्हा तू जेमतेम चालत होतीस. मिशनच्या मडमबाई दर शनिवारी टोपलीतून पाव आणायच्या, फार मायेनं. आई त्या टोपलीत अंडी घालून परत पाठवायची. तुझ्या अशक्तपणासाठी डॉक्टरांनी सांगितलेली अंडी. टोपली पोचवायला मी जायचे. तुझी आई किती उदार, असं मडमबाई म्हणायच्या आणि मी मान हलवायचे. आईनं हे कुणाला सांगू दिलं नाही. तुलाही आजच सांगतेय.

घर सोडू नकोस. डबा सोड. मोकळ्या हातानं जा, आणि तिच्याकडेच काहीतरी माग.

बनूची खुशाली कळव. वाट पाहते.
तुझी,
अक्का

सातारा,
२७ नोव्हेंबर १९७३

प्रिय अक्कास,
सप्रेम सलाम. तुझं पत्र मिळालं. त्या शेंगा आम्ही संध्याकाळी गप्पा मारत फोडून खाल्ल्या होत्या. ते आठवून ताटावरून उठले.

परवा रविवारी मोकळ्या हातानं गेले. कडी होतीच. बाहेरूनच म्हटलं, उन्हातून आलेय, घोटभर चहा देशील का? इतके दिवस तीच विचारायची आणि तिला त्रास नको म्हणून मी नको म्हणायचे. बऱ्याच वेळानं दार उघडलं. तिनं आधी माझे हात पाहिले.

“आज मोकळ्याच आलासा व्हय, बाई? बरं झालं. बसा.”

कोरा, गुळाचा चहा. कप एकच. माझा पिऊन झाल्यावर तो विसळून ती प्यायली. बनू माझ्या मांडीवर झोपली. अंग तापलेलं होतं. दवाखान्याचं माझ्या ओठांवर आलं होतं. तुझं पत्र आठवलं आणि गप्प बसले. अक्का, ते फार जड गेलं. रात्रभर वाटत राहिलं, की मी चुकले.

काल सकाळी दार वाजलं. कडेवर बनूला घेऊन अंजना उभी. सरकारी दवाखान्यात एकटीनं जायला भ्या वाटतं, संगं येता का, असं तिनं विचारलं. औषध सुरू झालंय. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

माझ्या घरी ती पहिल्यांदाच आली, अक्का. आणि रिकाम्या हातानं आली.

नाताळला ये. आईबद्दल अजून काय काय सांगायचं राहिलंय, ते ऐकायचंय.
तुझीच,
करुणा