कावळ्यासाठी पेटवलेली बिडी

हाव, डोकं ठिकानावर हाये माह्यं. तुमचं हाये का ते पाहा, टिकाराम भाऊजी. साक्षीदारानं असा सवाल इचारावाच लागते म्हनता, तं इचारला, झालं. आता चूप बसा अन मले लिहू द्या.

मी सत्यभामाबाई इश्वर गभणे, राहनार आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, चवथी पास, हे मृत्युपत्र माह्या हातानं अन माह्या मर्जीनं लिहून ठेवतो. कोनाचा दबाव नाही. एवढी घाई काहून, ते पहिले सांगतो, कारन त्या धसक्यातून मी अजून निंगाली नाही.

माह्या घरचे, इश्वरजी, बिडीनंच गेले. शेवटी शेवटी त्यायले ‘पानी’ म्हनाले दोन दम लागत. मी मस्करी करो का ‘पा’ आज म्हना, ‘नी’ उद्या म्हना. ते हसाले जात अन खोकला ये.

हे पाहून आमचा पोरगा भूपेंद्र घाबरला. तो बी ओढे. बाप खाटेवर असतानीच त्यानं सोडाचं ठरवलं. जेवन झालं का त्याची तलफ उठे. खिशात फुटाने ठेवले, लवंगा चावल्या, बोडीच्या पान्यात जाऊन डुबक्या मारल्या. कायनंच भागेना. मंग एक दिवस त्यानं सुनेच्या, तृप्तीच्या हातातली राख हिसकली अन साऱ्या घराची भांडी घासली. घासता घासता तलफ निंगून गेली. तवापासून दोन्ही टाइमची भांडी तोच घासे. मी त्याले सूनबाई म्हनो, तृप्तीले जावईबापू. तो फनफने, पन घासे. पितळेच्या गंजाच्या बुडात तोंड दिसे. बिडी पुरती सुटली.

मंग इश्वरजी गेले. दहाव्याले वैनगंगेवर पिंड ठेवला. मेलेल्या मानसाले जे आवडे ते पिंडाजवळ ठेवाची आमची रीत, म्हनून वडे ठेवले, बिडीचा कट्टा बी ठेवला. कावळे झाडावर बसून, खाली एकही येईना. भूपेंद्रनं हात जोडून कबूल केलं, मायले सांभाळीन, धानाची बांधी विकनार नाही. तरी नाही. ऊन चढलं, न्हावी जांभया देऊन राहिला.

तवा तुमी बोलले, टिकाराम भाऊजी. तुमचेच शब्द लिहितो.

“कोरी बिडी कोन ओढते? पोरानं पेटवून देल्ल्याशिवाय इश्वरदादा येनार नाही.”

नदीवर वारा, काडी इझे. भूपेंद्रनं बिडी ओठात धरून ओढली तवा ते पेटली. पेटवाले एक झुरका पुरे होता. त्यानं अजून घेतला, अन अजून, डोळे मिटून, जसं लेकरू मायच्या पदराखाली. मंग पिंडावर ठेवली. कावळा खरंच उतरला, घास घेऊन गेला. सारे म्हनाले, आत्मा शांत झाला. मी कावळा पाहिलाच नाही, मी पोराचं तोंड पाहून राहिली होती. मालकाच्या मयतीत बी मले एवढा धक्का नोता बसला, ते जानं सांगून सवरून होतं. इथं भर उन्हात, देवाच्या नावानं, साऱ्या गावानं मिळून माह्या पोराच्या तोंडात बिडी देल्ली, अन वरून हात जोडले. मी बी जोडले.

तवापासून तो गोठ्यामागं ओढते. भांडी पुन्हा तृप्ती घासते. तो खोकलला का मले वाटते, भिंतीपल्याड इश्वरजीच हायेत, अन मी दचकून उठतो. डॉक्टरनं त्याची छाती तपासून सांगितलं, आता सोडली तं जीव वाचन, नाही तं बापाच्याच वाटेनं जाईन. म्हनून खालच्या परमाने ठरवतो.

एक. बोडीखालच्या साऱ्या बांध्या तृप्तीच्या नावानं. भूपेंद्रनं बिडी सोडली असं तृप्ती आपल्या तोंडानं म्हनन, तवा अर्ध्या त्याच्या. तो रुसन. रुसू दे. रुसलेला मानूस दोन दिवसानं जेवते, मेलेला जेवत नाही.

दोन. घर दोघायचं. पन छपरीत, अंगनात धूर दिसला तं तृप्तीनं त्याले गोठ्यात झोपवावं. बैलाले मी सांगून ठेवलं हाये.

तीन. पितळेचे गंज, परात, गुंड, साऱ्या भांड्यावर हक्क एकट्या भूपेंद्रचा. तलफ आली का काढावी अन घासावी. चमकत असली तरी घासावी.

चार. टिकाराम भाऊजीले काही नाही. साक्षीदाराले काही देता येत नाही म्हनते वकील, म्हनूनच त्यायले साक्षीदार केलं.

पाच. माह्या दहाव्याले काडी, बिडी, तंबाखू, काहीच नदीवर नेऊ नये. पिंड तृप्तीनं ठेवावा. कावळा नाही आला तं घास गाईले चारून घरी या. मी उपाशी राहीन, मले एकादशीची सवय हाये. कोनी म्हनलं बुढीचा जीव अडकला, तं सांगा, हाव, पोरात अडकला. अन तेरवीची भांडी भूपेंद्रनं घासावी. सारं गाव जेवाले येईन, त्या दिवसाची तलफ आरामात निंगन.

साक्षीदार: टिकाराम गभणे, नात्यानं देवर. पार्वताबाई बांते, शेजारीन, दोघंही राहनार आसगाव.
ठिकान: आसगाव, आमची छपरी. तारीख: ११ फेब्रुवारी २०२५.

थांबा, सही नका करू. एक लिहाचं राहिलं, ते वाचून मंग करा. भूपेंद्र गोठ्यामागं बिडी पेटवते तवा मी त्याले काहीच म्हनत नाही. खाट वाऱ्याच्या अंगाले ओढतो अन धूर येऊ देतो. इश्वरजीच्या उशीले, दुपट्ट्याले असाच वास ये. दिवसभर मी त्या टाइमाची वाट पाहतो. वरतं सारं त्याची सुटावी म्हनून लिहिलं, ते तसंच राहू द्या. पन पोराची बिडी सुटू नये असं मले वाटते.

सत्यभामाबाई इश्वर गभणे