दोन तावदानांच्या मधे

१६ ऑक्टोबर १९५६

खोली मिळाली. माझी स्वतःची, दाराला कुलूप असलेली. चार वर्षं बराकीत काढली, सोळा बायका आणि मधे टांगलेल्या चादरी. तोमा तिथे आधी खोकायला शिकली, मग बोलायला. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय, की या हिवाळ्यात पोरीला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागता कामा नये. नाहीतर छाती भरेल आणि मग काही खरं नाही. कारखान्याच्या साहेबाला मी तोच कागद रोज नेऊन दाखवला. शेवटी कंटाळून दिली त्यानं.

खोली नदीकडे तोंड करून आहे, खिडकीला आत-बाहेर दोन चौकटी, दोन काचा. शेगडी धूर करते, पण तापते झकास. तोमानं आल्या आल्या इतक्या गिरक्या घेतल्या, की भोवळ येऊन पडली.

इथे आधी पाशा आजी राहायची, पाच तारखेला वारली. शेजारची उस्तिन्या मावशी मीठ-पाव घेऊन आली आणि बसायच्या आधीच हुकूम सोडायला लागली. खिडकीबाहेर खिळ्याला टांगलेला टॉवेल काढायचा नाही, चौकटीतला पाण्याचा पेला हलवायचा नाही, आणि खिडकीची वरची छोटी झडप आजीचा चाळिसावा दिवस होईपर्यंत, म्हणजे तेरा नोव्हेंबरपर्यंत, बुजवायची नाही. म्हणे मेलेल्याचा जीव चाळीस दिवस घरी ये-जा करतो, आजी अजून पेल्यातलं पाणी पिते, टॉवेलला तोंड पुसते. मी सांगून टाकलं, की आजीला आता काही थंडी बाधत नाही, माझ्या पोरीला बाधते. मावशी फुरंगटून गेली. पाव मात्र ठेवून गेली.

२१ ऑक्टोबर, रविवार

हिवाळ्याच्या तोंडावरचा पोक्रोवचा सण होऊन आठवडा झाला, सगळ्या वसाहतीच्या खिडक्या कधीच बुजवून झाल्या. आज मीही बसले. कणकेची खळ शिजवली, जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या कापल्या. पेला रिकामा केला. टॉवेल चांगला जाड होता, तो फाडून फटींत कोंबला. दोन्ही चौकटींना पट्ट्या लावल्या, आधी बाहेरच्या, मग आतल्या. मधे कापसाची लांब वळी आणि त्यावर तोमानं रोवनच्या झाडाची लाल फळं मांडली. शेवटी झडप. तिच्यावर दुहेरी पट्टी मारली, मावशीच्या नाकावर टिच्चून.

मेणबत्ती धरून पाहिली. ज्योत हलली नाही. असं समाधान लग्नातही झालं नव्हतं.

२९ ऑक्टोबर

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातली पट्टी सुटली. खळ पातळ झाली असेल. पुन्हा लावली.

मधल्या कापसाला खळगा पडलाय. कुणी कोपर टेकून बसावं तसा. कापूस बसतो दमटपणानं, त्यात काय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

२ नोव्हेंबर

पुन्हा तीच पट्टी. या खेपेला खळीत सरस घातला.

आतल्या काचेवर बर्फाची जाळी धरलीय आणि त्यात तळव्याएवढी जागा विरघळलेली. मी खोलीतून हात लावला, काच इकडून कोरडी. ठसा पलीकडच्या अंगाला आहे, दोन काचांच्या मधे. तिथे माशी शिरायला वाट नाही, मीच बुजवलंय.

मावशीला सांगितलं, चूकच केली. तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, बाई गं, ती ये-जा करत असताना तू दोन्हीकडून दारं लावलीस. ना घरची, ना बाहेरची. मी म्हटलं, मग राहू दे तिथेच, भाडं मागत नाही मी.

७ नोव्हेंबर

क्रांतिदिनाची सुट्टी. बाहेर बँड वाजतोय. तोमाच्या नखांत वाळलेली खळ सापडली. पट्ट्या तीच काढत होती.

विचारलं तर सांगते, आजीला थंडी वाजते, ती म्हणते तू ये, जवळ बस, ऊब येईल. मी तिच्या हातांवर चापट्या मारल्या. मग दोघी रडलो. हातमोजे घालून मनगटाशी दोरीनं बांधलेत. खिडकीवर घोंगडी ठोकली.

मी भीत नाही. नाहीच भीत. खोली सोडणार नाही.

११ नोव्हेंबर

तोमाला ताप. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. ऊब, फक्त ऊब. बाहेर उणे अठ्ठावीस.

घोंगडीमागून टकटक. काचेपाशी जाऊन ओरडले, की म्हातारे, जागा माझ्या नावावर आहे. थांबली. मग पुन्हा —

१३ नोव्हेंबर, सकाळ

चाळिसावा दिवस. मावशी दारात गुडघ्यांवर बसली. म्हणते, झडप क्षणभर उघड, आजी निघून जाईल. आज नाही गेली तर एकटी जाणार नाही. मी तोमाकडे बोट दाखवलं. छाती घरघरतेय आणि मी झडप उघडू? मुडद्यासाठी? दार लावून घेतलं.

दुपार

ताप उतरला. फार उतरला. अंग गार. हाक मारते, ओ देत नाही. तोंडापाशी आरसा धरला —

घोंगडी ओढून काढली. कापसाला दोन खळगे. मोठ्या ठशाशेजारी छोटा ठसा. माझ्या तोमाचा, करंगळी वाकडी.

लिहून ठेवते. उद्या कुणी मला वेडी म्हणायला नको.

कुऱ्हाड घेतलीय. बाहेरची काच फोडली तर दोघी जातील. आतली फोडली तर दोघी घरात. येऊ दे घरात. म्हातारे, तुलाही देते अर्धी खोली, तुझा पलंग देते, मी जमिनीवर निजेन. पोर नेऊ देणार नाही. ऐकतेस ना —

बाहेरच्या चौकटीची पट्टी सुटतेय. आपोआप. दुसरी. तोमा, हात सोड तिचा, इकडे बघ, आई काच फो